सीझन आला, खोली रिकामी करा: गोव्याच्या चाळीस आमदारांना खुलं पत्र

३ ऑक्टोबर २०२५

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व चाळीस सन्माननीय आमदार,
पर्वरी

सप्रेम नमस्कार.

काल दसरा झाला. सकाळी पूजा आटोपून ओसरीवर येते तर समोरच्या घरापाशी टेम्पो लागलेला. गॅसची शेगडी, दोन गाद्या, कपड्यांची बोचकी, मुलांची दप्तरं, आणि तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. सामान चढवणारा माणूस माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला, आता वायरमन आहे. त्याचं घर याच गावातलं, पण चार भावांत वाटणी झाल्यावर त्याच्या वाट्याला एक खोली आली आणि तिच्यात आईवडील राहतात. म्हणून गेली चार वर्षं तो समोरच्या दोन खोल्या भाड्याने घेतो. जून ते सप्टेंबर, महिना सात हजार. ऑक्टोबर लागला की मालक म्हणतो, सीझन आला, खोली रिकामी करा. त्याच खोल्या मग मेपर्यंत परदेशी पाहुण्यांना महिन्याला तीस-पस्तीस हजारांना जातात. हा बायकामुलांना घेऊन सीमेपलीकडे महाराष्ट्रात बांद्याला सासुरवाडीला जातो, आणि तिथून रोज मोटरसायकलने इथे कामाला येतो.

त्याची धाकटी मुलगी टेम्पोतून उतरून माझ्या हातात आपट्याची पानं देऊन गेली. तो म्हणाला, "बाई, जूनमध्ये येतोच."

मालकाला मी दोष देत नाही. तोही गावचाच, आणि लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं कर्ज फेडतो आहे. पण आपल्याच गावात माणूस फक्त पावसाळ्यात राहू शकतो, ही गोष्ट मला आता गप्प बसून पाहवत नाही.

मी पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावात राहते. बत्तीस वर्षं सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी यांतल्या कुणालाही हे पत्र आपल्याच वाड्यावरून आलंय असं वाटेल. तेरेखोलच्या काठापासून शापोऱ्याच्या मुखापर्यंत आज सगळीकडे हेच चाललं आहे.

आधी एक स्पष्ट करते, म्हणजे पत्राचा भलता अर्थ निघणार नाही. परक्या माणसाविरुद्ध माझं काहीही नाही. आमच्या घराघरातली माणसं कुवेत, मस्कत, दुबईला गेली, बोटीवर गेली, परक्या मुलखात भाड्याच्या खोलीत दहा-दहा जण राहिली. परकेपण काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. मी नोकरीला लागले तेव्हा हरमलला हिप्पी येत असत. आमच्या आईने एका जर्मन जोडप्याला मागची खोली दिली होती. ते आमच्या विहिरीचं पाणी काढत, आमच्याबरोबर पेज जेवत. त्या भाड्यातून घराला मंगळुरी कौलं आली. पाहुणा आमच्या घरात राहत होता, आणि त्याचा पैसा आमच्याच घरात राहत होता.

मग रशियातून चार्टर विमानं येऊ लागली. मोरजीच्या रस्त्यावर पाट्या रशियनमध्ये लागल्या, हॉटेलांची मेनूकार्डं रशियनमध्ये छापली गेली, आमची मुलं रशियन बोलायला शिकली. तोवरही गाव सावरून होता. २०१४ मध्ये रूबल कोसळला आणि ती विमानं एकदम कमी झाली, तेव्हा मला वाटलं, आता जमिनीचे भावही खाली येतील. ते आले नाहीत. तोवर जमीन पाहुण्याला खोली देण्याची गोष्ट राहिली नव्हती, ती पैसा ठेवण्याची जागा झाली होती. त्याच वर्षी ई-व्हिसा सुरू झाला, पुढे तो पाच वर्षांचाही मिळू लागला. २०२० नंतर लॅपटॉपवर काम करणारे आले. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तशी रशिया-युक्रेनची कुटुंबं मुलाबाळांसह राहायलाच आली. ११ डिसेंबर २०२२ ला मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरू लागली. आमचा आडबाजूचा तालुका एका रात्रीत देशातल्या आणि परदेशातल्या गुंतवणूकदारांच्या दारात येऊन बसला.

युद्धानंतर आलेली एक रशियन बाई आपल्या लहान मुलीसह माझ्या घरामागच्या घरातल्या एका खोलीत दोन वर्षं राहिली. मुलगी मला आजी म्हणायची. गणेशचवथीला नेवऱ्या खाताना सारण फ्रॉकवर सांडायची. गेल्या वर्षी ते घर एका कंपनीने घेतलं, पाडलं, आणि तिथे तरणतलाव असलेल्या दोन व्हिला उभ्या राहिल्या. त्या बाईलाही पंधरा दिवसांत खोली सोडावी लागली. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणून सांगते, माझी तक्रार तिच्यावर नाही. तिला आणि माझ्या वायरमनला एकाच पैशाने बाहेर काढलं.

आता तक्रारी.

पहिली कायद्याची. १९९९ च्या फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे टुरिस्ट व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला इथे जमीन-घर विकत घेता येत नाही. त्यासाठी आदल्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त वास्तव्य लागतं, आणि तेही नोकरी-धंद्यासाठी किंवा इथेच राहण्याच्या इराद्याने. शेतजमीन तर परदेशस्थ भारतीयालाही घेता येत नाही. हे सगळं कागदावर छान आहे. पण पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला परवानगी लागत नाही, हॉटेलात शंभर टक्के परदेशी पैसा थेट येऊ शकतो, आणि बाकीचं काम एका भारतीय नावावर किंवा पणजीत नोंदवलेल्या कंपनीवर भागतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अशा व्यवहारांची चौकशी झाली होती, ईडीच्या नोटिसा निघाल्या होत्या. त्याचं पुढे काय झालं हे आमच्या एकाही ग्रामसभेत कुणी येऊन सांगितलं नाही. आज एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा काढला तर त्यावर कंपनीचं नाव दिसतं, पण कंपनी कुणाची ते दिसत नाही.

आणि पैसा फक्त परदेशी आहे असंही मी म्हणणार नाही. दिल्ली, मुंबई, हैदराबादचा पैसाही तसाच येतो, आणि विकताना जाहिरात करतो की परदेशी पाहुण्यांकडून रात्रीचं इतकं भाडं मिळेल. रूबल असो की रुपया, तो गावात राहायला येत नाही, मतदान करत नाही, प्रेताला खांदा द्यायला येत नाही, आणि राहणाऱ्याची जागा मात्र घेतो.

दुसरी तक्रार झोनची, आणि हे पत्र लिहायला बसले ते मुख्यतः तिच्यामुळे. आमच्या वाड्यावरच्या डोंगरउताराचा सर्व्हे नंबर ऑर्चर्डमधून (बागायत) सेटलमेंटमध्ये (घरं बांधता येणारी जमीन) घालण्याचा प्रस्ताव निघाला आहे. तो उतार काजूचा. त्याच्या पायथ्याशी झर आहे, आणि तिच्यावर आमच्या वाड्याच्या तीन विहिरी जगतात. हरकतीला तीस दिवस. नोटीस निघाली इंग्रजीत, राजपत्रात. वाड्यावर एकानेही ती पाहिली नव्हती. मुंबईला नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तेव्हा कळलं, आणि तोवर अकरा दिवस गेले होते. मी चष्मा लावून एकेक नंबर बोटाने वाचत खाली आले, आणि आमचा नंबर दिसला तेव्हा पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेला इतिहास पुन्हा सांगते. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या आंदोलनामुळे २००७ मध्ये रद्द झाला. त्यानंतर लोकांना विचारून आराखडा २०२१ तयार झाला. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं, नजरचुकीच्या दुरुस्त्या करण्यासाठी म्हणून. त्याच वर्षी पेडण्याचा झोनिंग आराखडा आला आणि लोक रस्त्यावर उतरले, म्हणून तो बाजूला ठेवावा लागला. २०२४ मध्ये कलम ३९अ आलं, तेही अर्जावरून जमिनीचा झोन बदलण्यासाठी. यंदा मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम रद्द केले. म्हणजे एक दार न्यायालयाने लावून घेतलं, तर शेजारचं उघडंच होतं. एकेका माणसाच्या अर्जावर एकेक सर्व्हे नंबर बदलायचा असेल, तर गावाने मिळून केलेल्या आराखड्याला किंमत काय राहते? २०२३ च्या कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी घातली. ते काम चांगलं झालं आणि मी त्याचं श्रेय देते. पण खाली शेत वाचवून वर डोंगर कापला, तर त्या शेताला पाणी कुठून येणार?

तिसरी तक्रार माझ्या स्वतःच्या घराची. माझे वडील मुंडकार. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात (बागायतीत) पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला घर आणि भोवतालची तीनशे चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने दिला. वडिलांनी अर्ज केला. सुनावण्या झाल्या, तारखा पडल्या, साहेब बदलले, एकदा तर फाईलच सापडेना. वडील गेले. मीही आता निवृत्त झाले. आणि दोन वर्षांपूर्वी भाटकाराच्या वारसांनी अख्खं भाट एका कंपनीला विकलं, माडांसकट, विहिरीसकट, आम्हा तीन मुंडकारांच्या घरांसकट. आता वकिलाची नोटीस येते, तिच्यात मला 'ऑक्युपंट' म्हटलेलं असतं. त्याच घरात माझा जन्म झाला. ओसरीवरच्या शेणाने सारवलेल्या जमिनीला आईच्या बोटांचे वळसे होते, म्हणून तिच्यावर मी कितीतरी वर्षं लादी घालू दिली नव्हती.

पाणंदीबद्दलही सांगायला हवं. आमच्या वाड्यावरून समुद्राकडे जाणारी वाट, रुंदी बैलगाडीपुरती. रापणकार त्याच वाटेने जाळं न्यायचे, आणि चवथीचा गणपती त्याच वाटेने विसर्जनाला जायचा. गेल्या वर्षी तिच्या तोंडाशी लोखंडी गेट आलं. यंदा दीड दिवसाचे गणपती डोक्यावर घेऊन आम्ही गेलो, तर गार्ड विचारतो, "किधर जाना है?" तो बिचारा आसामचा पोर, पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. गणपती पाहून त्याने हात जोडले, पण गेटची चावी त्याच्याकडे नव्हती. फोन लावला, कुणी उचलला नाही. पाऊस लागला. शेवटी अर्धा किलोमीटर वळसा घालून डांबरी रस्त्याने गेलो, गाड्यांच्या रांगेतून. माझ्या मोठ्या भावाचं वय चौऱ्याहत्तर. मूर्ती त्याच्या डोक्यावर होती, आणि त्याने ती एकदाही खाली ठेवली नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगते: एप्रिल-मेमध्ये आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि व्हिलांच्या तलावांसाठी टँकरच्या रांगा. शाळेचंही तसंच. मी रुजू झाले तेव्हा चार वर्गांत मिळून पटावर बावन्न मुलं होती. गेल्या जूनमध्ये अकरा, आणि त्यांतली सात बांधकामावरच्या मजुरांची, कर्नाटकातली, बिहारची, नेपाळची. ती मुलं गोड आहेत, मराठी झरझर शिकतात. पण साइट संपली की तीही जातात.

कुणी म्हणेल, तुम्हीच तर विकलं. हो, काहींनी विकलं. कुणाच्या बापाच्या डायलिसिससाठी, कुणाच्या भावाभावांच्या भांडणात. ज्याला बँक दोन लाखांचं कर्ज देत नाही त्याच्यापुढे एजंट दोन कोटींचा चेक ठेवतो, तेव्हा एकट्या माणसाने गाव वाचवावा ही अपेक्षा करणं अन्याय आहे. ते काम सरकारचं आहे, म्हणूनच तर आम्ही तुम्हाला निवडून दिलं.

इतरांनी हे काम हातात घेतलं आहे. हिमाचलने १९७२ च्या कायद्यात कलम ११८ घालून शेतकरी नसलेल्याला जमीन विकायला अटकाव केला. आपल्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या पोर्तुगालने २०१२ मध्ये घर घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देणं सुरू केलं, लिस्बनमध्ये स्थानिकांना भाडं परवडेनासं झालं, आणि २०२३ मध्ये तो घरखरेदीचा मार्ग त्यांनी बंद केला. बार्सिलोनाने तर गेल्या वर्षी जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून जास्त फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत संपवणार. आणि आपल्याकडे? २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांतलं एक घर रिकामं आढळलं होतं. तेव्हापासून चौदा वर्षांत आपण आणखी व्हिलांना परवानेच देत आलो.

मोरजीच्या तेंबवाड्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांसाठी वाळूचा पट्टा राखून ठेवलेला आहे. वनखात्याची माणसं रात्री पहारा देतात. मला त्याचा अभिमान आहे, मी मुलांना दरवर्षी तिथे घेऊन जात असे. जन्मल्या जागी परत येऊन अंडी घालायचा कासवाचा हक्क आपण मान्य केला. तसाच एखादा पट्टा इथे जन्मलेल्या माणसांसाठी राखावा, एवढंच माझं मागणं आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. कलम ३९अ रद्द करा. तोवर एकही प्रस्ताव ग्रामसभेत मराठी-कोंकणीतून वाचून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि तीस दिवस त्या वाचनापासून मोजावेत.

२. किनारी पंचायतींत कंपन्यांच्या नावावर जेवढी जमीन आहे, तिचे खरे मालक कोण आणि पैसा कुठून आला याची यादी पंचायतीच्या फलकावर लावा. जुन्या चौकशांचं काय झालं तेही सांगा.

३. रात्रीच्या भाड्याने दिलं जाणारं प्रत्येक घर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदवलं गेलंच पाहिजे. प्रत्येक वाड्यावर अशी किती घरं असावीत त्याला मर्यादा घाला. घराचा मालक तिथेच राहत असेल तर त्याला सवलत द्या, आमच्या आईसारख्या बायकांचं पोट त्यावर आहे.

४. जो घरमालक गावच्या कुटुंबाला पूर्ण बारा महिन्यांच्या कराराने खोली देईल, त्याची घरपट्टी माफ करा आणि सीझनचं नुकसान काही अंशी भरून द्या. गृहनिर्माण मंडळाने पेडणे तालुक्यात विकण्यासाठी नव्हे तर कायम भाड्याने देण्यासाठी घरं बांधावीत.

५. मुंडकारांचे प्रलंबित दावे एका वर्षात निकाली काढा. आणि ज्या भाटात मुंडकाराचं घर आहे, त्या भाटाचा विक्रीव्यवहार ते घर वेगळं दाखवल्याशिवाय नोंदवूच नका.

६. समुद्राकडे जाणाऱ्या जुन्या पाणंदी मोजून नकाशावर घ्या आणि त्यांवरची गेटं काढा. पुढच्या चवथीच्या आत.

पेडण्याला कोजागिरीच्या पुनवेला आम्ही सगळे जातो. त्या रात्री भूतनाथ आपलं देऊळ मागतो, रुसून रानाकडे धावतो, आणि माणसं त्याला समजावून, वचन देऊन परत आणतात. लहानपणी मी आजीला विचारलं होतं की त्याला खरंच देऊळ कधी बांधून देणार? आजी म्हणाली होती, देव आहे, थांबतो. वायरमनच्या मुलीला तसं सांगायची माझी तयारी नाही. ती सहा वर्षांची आहे, आणि दर ऑक्टोबरला तिची शाळा बदलते.

आमच्या सर्व्हे नंबरावर हरकत घ्यायला अजून दहा दिवस आहेत. माझी हरकत मी मराठीत लिहून ठेवली आहे. काल आपट्याची पानं वाटता वाटता वाड्यावरच्या सदतीस जणांच्या सह्या झाल्या, वायरमनने टेम्पो सुरू करण्याआधी आपली केली. सोमवारी पहिल्या बसने मी ती पणजीला नेऊन देणार आहे, आणि पोच घेतल्याशिवाय परतणार नाही. याच पत्राच्या चाळीस प्रती काढल्या आहेत. त्या त्याच दिवशी पर्वरीला आणून देईन. उत्तर मराठीत किंवा कोंकणीत द्यावं, म्हणजे मला ते वाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवता येईल.

आपली,
पेडणे तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका